पंधरा वर्षांचे काम आणि पदवीचे श्रेयांक

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाचे पद निर्माण करण्याची मुभा विद्यापीठांना दिली. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काम करून नाव मिळवलेल्या व्यक्तीला, औपचारिक पदव्यांची नेहमीची अट बाजूला ठेवून, विद्यापीठात शिकवण्यासाठी नेमता येते आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण कामातून ज्ञान तयार होते हे तो सरळ मान्य करतो. परंतु तितकीच वर्षे काम केलेली, पण शिकवण्याऐवजी शिकण्यासाठी आलेली व्यक्ती त्याच विद्यापीठाच्या प्रवेशखिडकीपाशी उभी राहिली, तर तिची पंधरा वर्षे शून्य धरली जातात आणि अठरा वर्षांच्या मुलामुलींबरोबर तिला पहिल्या सत्राच्या पहिल्या पेपरपासून सुरुवात करावी लागते. ज्या अनुभवाच्या बळावर एखाद्याला वर्गापुढे उभे राहता येते, त्याच अनुभवाच्या बळावर दुसऱ्याला एका पेपराचेही श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळू नयेत, याचे समर्थन करता येईल असे शैक्षणिक कारण मला आजवर सापडलेले नाही.

नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांच्या रविवारच्या वर्गाला मी काही वर्षे शिकवत होतो. त्या वर्गात एक अंगणवाडी सेविका होत्या. बालपोषणाच्या पेपरात त्या एकदा नापास झाल्या होत्या आणि दुसऱ्यांदा बसणार होत्या. कुपोषणामुळे येणाऱ्या सुजेचा भाग मी पुस्तकातून समजावत असताना त्यांनी हात वर करून विचारले, “सर, करून दाखवू का?” शेजारच्या बाईंच्या मांडीवर त्यांचे दोन वर्षांचे मूल होते. सेविकांनी त्याची दोन्ही पावले हातात घेतली, वरच्या बाजूला दोन्ही अंगठे टेकवून दाबले, ओठ हलवत तीनपर्यंत मोजले आणि अंगठे उचलले. “दोन्ही पावलांवर खड्डा राहिला, की मूल सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषितांत धरायचं, मग वजन कितीही भरू दे. सुजेचं पाणीसुद्धा काट्यावर चढतं,” त्या म्हणाल्या. मग दंडघेराच्या पट्टीचा विषय निघाला. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आकडा आला तर मूल तीव्र कुपोषित, एवढे पुस्तकात होते. पण पट्टी आवळली की आकडा खाली येतो, सैल सोडली की वर जातो, म्हणून ती कातडीला नुसती टेकेल इतकीच धरायची, हे त्यांनी सांगितले. साल्टर काट्याला, म्हणजे मूल टांगून वजन करण्याच्या काट्याला, आधी झोळी अडकवायची आणि मगच काटा शून्यावर आणायचा, नाहीतर झोळीचे वजन मुलाच्या नावावर जमा होते, हेही त्यांनीच सांगितले. त्या दिवशी वर्गाने वहीत जे उतरवून घेतले, त्यातले बरेचसे त्यांचे होते.

परीक्षेतल्या त्यांच्या उत्तराबद्दल मी नंतर विचारले. ‘कुपोषणाची कारणे सविस्तर लिहा’ या प्रश्नाखाली त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. “सर, हे सगळं मी रोज करते, पण सविस्तर म्हणजे काय लिहायचं, तेच कळत नाही,” असे त्या म्हणाल्या. पुढे प्रकल्पवहीची वेळ आली, तेव्हा एका अंगणवाडीला भेट देऊन तिथल्या सेविकेची सही आणायची होती. स्वतःच्या अंगणवाडीच्या नोंदी चालणार नाहीत असे त्यांना सांगण्यात आले, म्हणून एक दिवसाचे मानधन बुडवून त्या शेजारच्या गावी गेल्या आणि आपल्यापेक्षा कितीतरी वर्षे नंतर लागलेल्या एका मुलीची सही घेऊन आल्या. त्या वहीवर गुण देताना मला मनापासून लाज वाटली.

कागदावर पाहिले तर हा प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला, तेव्हापासून ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’, म्हणजे माणूस कामातून आधीच जे शिकला आहे त्याला मान्यता देणे, ही संकल्पना सरकारी भाषेत आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तिचा स्वतंत्र भाग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२१ साली शैक्षणिक श्रेयांक बँकेचे नियम आले आणि २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. वर्गातले शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण आणि कामाचा अनुभव या तिन्हींचे श्रेयांक एकाच खात्यात जमा व्हावेत, अशी त्या आराखड्यात सोय आहे. एवढी व्यवस्था उभी असतानाही त्या सेविकांसारख्या स्त्रीला बी.ए.च्या प्रवेशअर्जात आपल्या पंधरा वर्षांसाठी एक रकाना सापडत नाही, याचे कारण आपण एका वेगळ्याच गोष्टीला मान्यता म्हणत आलो आहोत, हे आहे.

कौशल्य योजनेतून अनुभवी गवंड्याला मिळते काय ते पाहावे. थोडी उजळणी होते, एक चाचणी होते आणि हा मनुष्य गवंडीकाम जाणतो असे प्रमाणपत्र त्याच्या हाती पडते. त्याच्या मुकादमाला हे आधीपासून ठाऊक होते, आणि ज्यांची घरे त्याने बांधली त्यांनाही. त्या प्रमाणपत्राचा उपयोगच नाही असे मी म्हणत नाही. परदेशी कामाला जाताना किंवा मोठ्या कंपनीत लागताना ते दाखवता येते. पण तो जिथे उभा आहे त्या जागेवरच ते शिक्का मारते. त्याला स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेला जायचे असेल, तर बांधकाम साहित्याच्या विषयातले एवढे श्रेयांक तुझे झाले, आता गणित आणि रेखाटन शिक, असे कोणी म्हणत नाही. मान्यतेचा अर्थ माझ्या दृष्टीने हा आहे की माणसाला पुढच्या पायरीवर पाय ठेवता आला पाहिजे, आणि ती पायरी त्याच्या हातातल्या कामापुरती मर्यादित असता कामा नये.

आपल्याकडे ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे, कारण हाताचे ज्ञान आपल्या समाजात जातीला बांधलेले राहिले. कातडे कमावणे, माती घडवणे, लोखंड तापवणे, सुईणपण करणे, या सगळ्यांत शतकानुशतके जमा झालेले ज्ञान होते. पण ते ज्यांच्याकडे होते त्यांना विद्येच्या दारात प्रवेश नव्हता आणि ज्यांना प्रवेश होता त्यांनी त्या ज्ञानाला विद्या मानले नाही. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची नई तालीम पुढे आली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ने तर हजारो गरीब मुलांना शिक्षण पुरे करता आले. मात्र काम हे शिक्षणाचा खर्च भागवणारे साधन राहिले; त्या कामातून झालेले शिक्षण पदवीच्या हिशेबात धरण्याचा विचार महाविद्यालयांपर्यंत पोहोचला नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्याने नवी पात्रता व्यवस्था आली, तेव्हा पूर्वशिक्षणाच्या मान्यतेकडे अन्यायाच्या परिमार्जनाचा एक मार्ग म्हणून पाहिले गेले, कारण ज्यांना वंशामुळे शाळेबाहेर ठेवले होते ते कामावर शिकत राहिलेच होते. आपल्याला हा दृष्टिकोन घेता येतो, पण त्याबरोबर एक दक्षताही घ्यावी लागेल. कुंभाराच्या मुलीला कुंभारकामाचे श्रेयांक देऊन कुंभारकामाच्याच अभ्यासक्रमात बसवले, तर जातीने जे केले तेच आपण विद्यापीठाच्या शिक्क्याने करू. भट्टीचे तापमान, मातीतले घटक, बाजारातली देवघेव यांतून तिला जे कळले आहे ते रसायनशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या पदवीतही कुठे मोजता येते, हे शोधायला हवे.

असे करणे अशक्य आहे, हे म्हणणे टिकत नाही, कारण एका क्षेत्रात आपण ते करतो आहोत. पंधरा वर्षे सेवा झालेल्या दहावी उत्तीर्ण माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट ‘क’मधील काही राखीव पदांसाठी, तिथे पदवीची अट असली तरी, पात्र धरण्याची तरतूद जुनी आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या गावागावांतून तिचा लाभ घेतलेली माणसे भेटतात. २०२२ साली अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या खास पदवीत निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे आणि निम्मे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांचे, अशी रचना करण्यात आली. सैनिकाला हे मिळाले याचा मला आनंद आहे. जे सैनिकाच्या बाबतीत शैक्षणिकदृष्ट्या मान्य झाले, ते सेविका, आशाताई, वायरमन आणि सहकारी सोसायटीच्या गटसचिवाच्या बाबतीतही तपासून पाहिले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

‘तपासून’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण या विषयाची बाजू घेणारेही इथे घसरतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार तीस तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक आहे, वर्षाचे बाराशे तास म्हणजे चाळीस श्रेयांक, आणि तीन वर्षांच्या पदवीला साधारण एकशे वीस. आता आमच्या सेविकांचा हिशेब मांडू. दिवसाला चार तास, वर्षाला तीनशे दिवस, अशी पंधरा वर्षे धरली तर १८,००० तास होतात. तिसाने भागले तर ६०० श्रेयांक, म्हणजे पाच पदव्या. हा हिशेब त्या स्वतःही मान्य करणार नाहीत. पहिल्या दोन वर्षांत त्या पुष्कळ शिकल्या असतील, पुढची काही वर्षे तेच काम सफाईने करत गेल्या असतील, आणि एखाद्या साथीच्या वा दुष्काळाच्या वर्षात पुन्हा खूप काही शिकल्या असतील. काम आणि कामातून झालेले शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि श्रेयांक दुसऱ्या गोष्टीला द्यायचे असतात. त्यामुळे अनुभवाची वर्षे वाढतील तसा श्रेयांकांना अधिक, अगदी दुपटीपर्यंत भारांक देण्याची जी तरतूद आराखड्यात आहे, ती मला चुकीची वाटते. मूल्यमापनाची अट आराखड्यानेच घातलेली असताना वर्षांचा गुणक त्यावर चढवण्याचे कारण नाही. ज्याला जे येते त्याचे श्रेयांक त्याला मिळावेत, मग ते शिकायला त्याला दोन वर्षे लागलेली असोत की वीस.

फ्रान्सचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तिथे जानेवारी २००२ च्या कायद्याने अनुभवाच्या बळावर पदवीचा काही भाग, आणि पात्र ठरल्यास संपूर्ण पदवीदेखील, मिळवण्याचा हक्क दिला. सुरुवातीला तीन वर्षांच्या अनुभवाची अट होती. २०१६ साली ती एका वर्षावर आली. म्हणजे वर्षांची अट सैल होत गेली, पण परीक्षक मंडळ कायम राहिले. उमेदवाराने आपल्या कामाचा तपशीलवार लेखी आलेख सादर करायचा, मंडळापुढे बसून प्रश्नांना उत्तरे द्यायची, आणि मंडळाने पूर्ण, अंशतः किंवा काहीच मान्यता न देण्याचा निर्णय घ्यायचा, अशी ती पद्धत आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकी प्रशिक्षणाचे महाविद्यालयीन श्रेयांकांत रूपांतर सुचवण्याचे काम १९४५ पासून चालू आहे. यातली फ्रान्सची रीत आपल्याला अधिक जवळची पडेल असे मला वाटते, कारण समोरासमोर बसून केलेली तोंडी परीक्षा आपल्या शिक्षकांना आणि आपल्या माणसांनाही नवी नाही.

आपल्या विद्यापीठात हे कसे करता येईल, ते चार श्रेयांकांच्या बालपोषणाच्या पेपरावरून सांगतो. सेविकेने मुलांची नावे झाकून सहा महिन्यांच्या वाढीच्या नोंदी आणाव्यात. दोन परीक्षक असावेत; एक त्या विषयाचा प्राध्यापक आणि दुसरी त्या क्षेत्रात वर्षे काढलेली, उदाहरणार्थ निवृत्त मुख्यसेविका. त्यांनी मराठीतून, तिच्या बोलीतली मराठी असली तरी ती ऐकून घेऊन, नोंदींवर प्रश्न विचारावेत. या मुलाचे वजन इथे तीन महिने थांबले आहे, तेव्हा तुम्ही काय केले? आईला काय सांगितले? ते लागू पडले नाही, तर पुढे कोणाकडे पाठवले? वजन घेणे, पट्टी लावणे, सूज पाहणे हे करून दाखवायला सांगावे. त्यानंतर ‘का’चे प्रश्न यावेत, आणि इथेच अनुभवाची मर्यादा कळते. आमच्या सेविका पालेभाजीवर लिंबू पिळायला आयांना सांगत असत. ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते, हे त्यांना माहीत नव्हते. अशा वेळी मंडळाने चारपैकी अडीच-तीन श्रेयांक द्यावेत आणि उरलेल्या भागासाठी नेमकी कोणती दोन प्रकरणे वाचायची ते लिहून द्यावे. ती दोन प्रकरणे त्या किती आवडीने वाचतील याची मला कल्पना आहे, कारण ज्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या हातात असते, त्याचे उरलेले अर्धे शोधताना कोणी कंटाळत नाही.

याने पदवीचा दर्जा घसरेल, ही भीती प्राध्यापकांकडून वारंवार ऐकू येते आणि तिच्यामागे दर्जाबद्दलची खरी कळकळ असते. पण आज आपण श्रेयांक कशाकशाला देतो, तेही प्रामाणिकपणे पाहावे लागेल. महाराष्ट्रातल्या नव्या अभ्यासक्रमात ओजेटी आहे, म्हणजे विद्यार्थ्याने बाहेर एखाद्या ठिकाणी काम करून श्रेयांक मिळवायचे. तीस तासांना एक या हिशेबाने चार श्रेयांकांचे एकशे वीस तास होतात, आणि तिथल्या साहेबाच्या सहीचे पत्र व एक अहवाल जमा केला की काम भागते. वीस वर्षांचा विद्यार्थी एखाद्या कार्यालयात एकशे वीस तास बसला तर ते शिक्षण ठरते, आणि त्याच कार्यालयात बारा वर्षे लिपिक असलेल्या, बाहेरून पदवी करणाऱ्या माणसालाही ओजेटीसाठी जागा शोधत फिरावे लागते. वर सांगितलेली दोन परीक्षकांची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा या सहीच्या पत्रापेक्षा कितीतरी कठीण आहे. दर्जाची काळजी असणाऱ्यांनी तिचे स्वागत करायला हवे.

विरोधाचे दुसरे कारण फारसे बोलून दाखवले जात नाही, पण मला तेच अधिक खरे वाटते आणि त्याची टिंगल करावी असे ते नाही. आपल्या अनुदानित महाविद्यालयांत पदे कार्यभारावर टिकतात. सहायक प्राध्यापकाला आठवड्याचे सोळा तास दाखवावे लागतात. तास कमी भरले, तर पद अतिरिक्त ठरण्याची टांगती तलवार असते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांचे तर मिळणारे पैसेच तासांवर असतात. विद्यार्थी वर्गात न बसता श्रेयांक घेऊन जाऊ लागले तर आपला तास जाईल, अशी धास्ती त्यांना वाटली तर त्यात स्वार्थ म्हणण्यासारखे काही नाही. म्हणून एका उमेदवाराच्या नोंदी वाचणे, तोंडी परीक्षा घेणे आणि लेखी अभिप्राय देणे, याला जे पाच-सहा तास लागतील ते कार्यभारात धरलेच पाहिजेत, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांना त्याचे मानधन वेळेवर मिळाले पाहिजे. हा खर्च सरकारने उचलायचा आहे. तो उमेदवाराच्या शुल्कातून काढायचा ठरवले, तर मानधनावर जगणाऱ्या सेविकेला ही वाट पहिल्या दिवशीच बंद होईल.

आणखी एक धोका मला स्पष्ट दिसतो. ज्या क्षणी अनुभवाला किंमत येईल, त्या क्षणी अनुभवाचे दाखले विकणारे एजंट तालुक्याच्या ठिकाणी पाटी लावतील. बाहेरच्या संस्थांना उमेदवारांच्या संख्येवर पैसे देऊन मूल्यमापन सोपवले, तर हे लोण आवरता येणार नाही, कारण अशा संस्थेला नापास करण्यात काहीच मिळत नाही. दाखल्याला श्रेयांक देऊच नयेत, हा त्यावरचा उपाय आहे. दाखला फक्त परीक्षेला बसण्यापुरता असावा. श्रेयांक समोर बसून दिलेल्या उत्तराला आणि हाताने करून दाखवलेल्या कामाला मिळावेत, आणि मंडळात विद्यापीठाचा स्वतःचा शिक्षक असलाच पाहिजे. काट्याला झोळी कधी अडकवायची, हे विकत घेतलेल्या दाखल्यावर सांगता येत नाही.

सुरुवात मोठी करण्याची गरज नाही. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून, बारावीपर्यंत पोहोचू न शकलेल्यांनाही पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या वाटेने पदवीच्या दारात आणले. दारातून आत आल्यावर त्यांच्या जवळचे ज्ञान मोजणे हे त्याच्या पुढचे काम आहे, आणि ते सर्वच विद्यापीठांचे आहे. अभ्यासमंडळांनी आपापल्या विषयातले असे दोन-तीन पेपर निवडावेत, ज्यांतले ज्ञान माणसे कामातून खरोखर मिळवतात: बालविकास, सार्वजनिक आरोग्य, सहकार आणि हिशेब, शेती, वीजजोडणी. त्या पेपरांची उद्दिष्टे ‘विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे’ अशा भाषेत लिहिलेली असतील, तरच परीक्षकाला कामातल्या अनुभवाची त्यांच्याशी तुलना करता येईल. आज ती बहुधा प्रकरणांच्या यादीसारखी लिहिलेली असतात, त्यामुळे तो मजकूर आधी बदलावा लागेल.

आणि मूल्यमापन प्रवेशाच्या आधी झाले पाहिजे. चाळिशीतली स्त्री पदवीला यायचे की नाही हे ठरवते तेव्हा तिच्यापुढे सासूचे औषधपाणी, मुलांची फी आणि रविवारची एसटी हे सगळे असते. तीन वर्षे की दोन, बारा पेपर की आठ, हा फरक तिला अर्ज भरण्यापूर्वी कळायला हवा. सर्व शुल्क भरून झाल्यावर पुढच्या वर्षी कधीतरी समितीसमोर विषय ठेवू, असे उत्तर तिला मिळाले, तर ती त्या खिडकीवरूनच परत जाईल.